घरीच शिकणारी मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही साताऱ्यात राहतो. 2018 साली मोठ्याला दुसरीतून काढलं, तेव्हापासून हेच प्रश्न फोनवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असताना विचारले गेले आहेत. दर वेळी तेच बोलण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं. मी शिक्षिका नाही, वकीलही नाही. घरून दुकानदारांच्या हिशेबाची कामं करते. त्यामुळे कायद्याचं आणि परीक्षांचं जे खाली लिहिलंय ते वाचा, पण फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः बघा.

होमस्कूलिंग आणि अनस्कूलिंग एकच का?

नाही. होमस्कूलिंग म्हणजे मूल शाळेत न जाता घरी शिकतं, एवढंच. काही घरांत सकाळी नऊला टेबलावर पुस्तकं मांडली जातात, तास वाजत नाही इतकाच काय तो फरक. अनस्कूलिंगमध्ये अभ्यासक्रम आधी ठरलेला नसतो. मूल ज्यात रमतं तिथून सुरुवात होते आणि मोठी माणसं त्याच्या मागून सामान घेऊन चालतात. हा शब्द जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने 1970 च्या दशकात रूढ केला. वर्गात शिकवताना त्याच्या लक्षात आलं होतं की मुलं विषयापेक्षा बाईंना काय हवंय ते ओळखायला जास्त शिकतात.

शब्द तिकडचा असला तरी मुलाच्या जगण्यातून शिक्षण उभं करायचं, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं दगड मोजतायत, पानं ओळखतायत. मला अनस्कूलिंग समजावून सांगायचं असेल तर मी होल्टच्या आधी कोसबाडच सांगते. आमच्या घरात यातलं काय चालतं? बहुतेक अनस्कूलिंग, आणि वर्षातून दोनदा मला घाबरायला होतं तेव्हा पंधरा दिवस होमस्कूलिंग.

म्हणजे मुलाला मोकाट सोडायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून याला जरा लांब उत्तर देते.

आमच्या मुलाला एसटीचं वेड आहे. सहा वर्षांचा होता तेव्हापासून. सुरुवातीला आम्ही ते वेड म्हणजे खेळ समजत होतो, आणि 'आधी अभ्यास, मग स्टँडवर' असं चालायचं. शाळा सुटल्यावर पहिले काही महिने काहीच घडत नव्हतं. तेव्हा नवरा वैतागून म्हणाला, "याला रोज स्टँडवरच नेऊन बसव." मी नेलं. रोज दोन तास, वही घेऊन.

पहिल्या आठवड्यात त्याने फक्त गाड्या मोजल्या. मग कुठून आली, कुठे चालली, किती उशिरा. मग सातारा विभागातले 11 आगार पाठ झाले: सातारा, कराड, कोरेगाव, फलटण, वाई, पाटण, दहिवडी, महाबळेश्वर, मेढा, पारगाव खंडाळा, वडूज. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला तो त्यानंतर, त्याने विचारलं म्हणून. "वडूजची गाडी दहिवडीवरून का जात नाही?" याचं उत्तर नकाशाशिवाय देता येईना. माणदेशात पाऊस कमी आणि महाबळेश्वरला एवढा का, हा प्रश्न तिथूनच आला, कारण पावसाळ्यात घाटातल्या गाड्या उशिरा यायच्या आणि दहिवडीच्या वेळेवर. सह्याद्रीची पर्जन्यछाया आम्ही फलाटावर बसून शिकलो.

पुढे नंबरप्लेट. महामंडळाच्या जुन्या लाल गाड्या तीन कार्यशाळांत बांधल्या जायच्या: एमएच 14 असेल तर दापोडी, एमएच 20 असेल तर चिकलठाणा, एमएच 40 असेल तर नागपूरजवळचं हिंगणा. हे मला एका कंडक्टरदादांनी सांगितलं आणि मी ते मुलाला सांगितलं. नंतर वर्षभर रस्त्याने चालणं मुश्किल झालं. मग इतिहास आला. पहिली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. 'हिरकणी' नाव का? चला रायगडावर. 'शिवनेरी' का? चला जुन्नरला. जुन्नर अजून व्हायचंय.

यात मी काय केलं ते नीट बघा. स्टँडवर दोन तास बसले, रोज, तीन-चार महिने. आगाराच्या व्यवस्थापकांकडून कार्यशाळा बघायची परवानगी काढली. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा हो. नकाशा आणला, जुनी वेळापत्रकं मिळवली, इंजिनाचं बोलायला गॅरेजवाल्या काकांना पटवलं. मोकाट सोडणं याहून कितीतरी सोपं असतं. ज्यांना वाटतं की अनस्कूलिंगमध्ये आईबापाला सुट्टी मिळते, त्यांनी शाळाच बघावी. हे मी उपरोधाने म्हणत नाही.

पण नुसत्या एसटीवर आयुष्य कसं निघेल? बाकीच्या विषयांचं काय?

सगळे विषय एसटीत कोंबायचा मोह मलाही झाला होता. 'एसटी आणि अपूर्णांक', 'एसटी आणि पर्यावरण' अशी कार्डंच बनवली होती मी. त्याने दुसऱ्या दिवशी स्टँडवर यायचं नाकारलं. मुलाच्या आवडीवर आपण धाड घातली की ती आवड त्याची राहत नाही. कार्डं अजून माळ्यावर आहेत.

काही गोष्टी एसटीतून आल्या नाहीतच. इंग्रजी क्रिकेटच्या समालोचनातून आलं. जीवशास्त्र जवळजवळ शून्य होतं ते दोन वर्षांपूर्वी घरात मांजर व्यायली तेव्हापर्यंत. आणि काही गोष्टी अजून आलेल्या नाहीत. संस्कृतचं नाव काढलं की तो घरातून जातो.

वाचायला कधी शिकतात?

आमचा आठव्या वर्षी. मुलगी पाचव्या. दोघांनाही कोणी बसवून शिकवलं नाही.

मुलाचा पहिला वाचलेला शब्द 'मेढा'. शाळेत ज्याला मागच्या बाकावर बसवून 'ढ' म्हटलं गेलं होतं, तो ढ शिकला मेढ्याच्या पाटीवरून. मग 'वडूज'चा ड, 'पाटण'चा ण, 'फलटण'चा फ. 'मार्गे' हा शब्द त्याला 'आई'च्या आधी वाचता येत होता. रफार कसा लिहायचा हेही मार्गेमुळेच.

घरी शिकणाऱ्या मुलांत वाचनाचं वय फार मागेपुढे असतं. शाळेत हे चालत नाही, कारण तिथे दुसरीपासून बाकीचे सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. घरी चालतं, कारण आपण वाचून दाखवू शकतो. पण एक सावधगिरी: नऊ-दहाव्या वर्षीही अक्षरं उलटसुलट होत असतील, पाटी बघून डोकं दुखत असेल, तर 'येईल आपोआप' म्हणत बसू नका. डोळे तपासा, वाचनातल्या अडचणी ओळखणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. आवडीच्या नावाखाली मुलाची अडचण झाकली जाते, हे मी दोन घरांत पाहिलंय.

आणि गणित?

गणिताची भीती मुलापेक्षा आईबापालाच जास्त असते.

एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं आणि एक टप्पा 6 किलोमीटरचा. सातारा ते स्वारगेट साधारण 110 किलोमीटर. सहाने भागलं तर 18 पूर्ण आणि वर थोडं उरतं, म्हणजे 19 टप्पे. भागाकार आणि बाकी त्याला इथे भेटले. बाकी उरली की ती टाकून द्यायची नसते, वरचा पूर्ण टप्पा धरायचा, हेही.

खरी मजा 2023 च्या मार्चमध्ये झाली. महिलांना एसटीत अर्धं तिकीट सुरू झालं, म्हणजे माझं अर्धं. आजी 75 च्या वरच्या, त्यांना आधीच्या वर्षापासून प्रवास मोफत. मुलगा तेव्हा बाराच्या आतला, त्याचं अर्धं. म्हणजे तिघांचं मिळून एकच पूर्ण तिकीट. बारा वर्षं झाल्यावर तेच दीड झालं. वाढदिवसाच्या दिवशी 'आता मी महाग झालो' म्हणून त्याने तोंड पाडलं होतं. अशाच एका प्रवासात आजींनी त्याला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून दाखवली. आमच्या पिढीला पाढे तीसपर्यंत, तेही रडत. त्यांच्या पिढीला अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. कुठल्याही ॲपपेक्षा त्यांचा उपयोग जास्त झाला.

तरीही बीजगणित आपोआप आलं नाही. त्याच्यासाठी गेल्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा निवृत्त सरांकडे शिकवणी चालू आहे. यात मला काही पराभव वाटत नाही.

हे कायद्यात बसतं का?

स्पष्ट हो किंवा नाही असं उत्तर कायद्यातच नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. त्याचं कलम 10 म्हणतं की मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते न करणाऱ्या पालकांना दंड किंवा शिक्षा मात्र या केंद्रीय कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिकण्याचा उल्लेख येतो तो 2012 च्या दुरुस्तीत, बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी; त्यांना घरी शिकण्याचा पर्याय कायद्यानेच दिलाय. बाकीच्यांसाठी कायदा गप्प आहे, आणि त्या गप्पपणात आमच्यासारखी घरं राहतात. कोणी तुम्हाला छातीठोकपणे 'पूर्ण कायदेशीर' किंवा 'पूर्ण बेकायदेशीर' सांगत असेल तर दोघांचंही अर्धंच ऐका.

प्रत्यक्षात काय होतं? शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं. 4 जुलै 2015 ला तर राज्यभर एकाच दिवशी झालं होतं, मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूलही त्यात शाळाबाह्य धरलं जातं. आमच्याकडे एकदा दोन शिक्षिका आल्या, उन्हातून, हातात याद्या. रागावण्यासारखं काहीच नव्हतं; त्या यादीतली बाकीची मुलं ऊसतोडीची आणि वीटभट्टीवरची होती आणि त्यांना शोधणं हे फार मोलाचं काम आहे. चहा दिला, वह्या दाखवल्या, मुलाशी बोलायला दिलं. त्या एकीचे वडील एसटीत ड्रायव्हर निघाले. पुढचा तास वाया गेला असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

तुम्ही एवढं करा: तारखा टाकलेल्या वह्या, फोटो, वाचलेल्या पुस्तकांची यादी, कुठे गेलो त्याची नोंद ठेवा. मूल दुर्लक्षित नाही हे कागदावर दिसलं पाहिजे.

शाळेतून दाखला काढून घ्यायचा का?

हो, आणि जपून ठेवा, तीन झेरॉक्स काढून. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला हा फक्त शाळेचा कागद नसतो. जन्मतारीख, जन्मगाव, जात, सगळं त्यावर शोधलं जातं. ज्यांना पुढे जातीचं प्रमाणपत्र आणि पडताळणी लागणार आहे त्यांनी हा विचार आधी करावा. वडिलांची, आजोबांची, चुलत्यांची जुनी शाळेतली नोंद पुरावा म्हणून लागते ती आत्ताच शोधून ठेवा. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर जन्मदाखल्यावरच बरंचसं अवलंबून राहतं, त्यावरच्या नावातली वेलांटीसुद्धा तपासा. आमच्याकडे आडनावात एक मात्रा कमी होती. ती दुरुस्त व्हायला आठ महिने गेले.

दहावी-बारावी कशी होणार?

रस्ते मुख्य चार.

पहिला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. 1989 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली. बहुतेक घरं हाच घेतात. दहावीला 14 वर्षं पूर्ण हवीत, बारावीला 15. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. आठवीचा दाखला नसेल तर शिकण्याची तयारी आहे असं स्वतःचं निवेदन चालतं. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि पाच वर्षांत नऊ संधी, तेही विषय सुटे सुटे देऊन. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. हे कळल्यावर माझी झोप परत आली. चित्रकला, गृहविज्ञान, हिंदुस्थानी संगीत असे विषयही आहेत. गणित सक्तीचं नाही, पण इथेच बरेच जण फसतात. गणित-विज्ञान सोडलं की पुढे इंजिनिअरिंग डिप्लोमाचं दार बंद होऊ शकतं. चौदाव्या वर्षी 'मला गणित नकोच' म्हणणाऱ्या मुलाला हे दार दाखवणं आपलं काम आहे.

दुसरा, आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, खाजगी विद्यार्थी म्हणून. पुस्तकं ओळखीची, शिकवणी लावायची तर शिक्षक गल्लीत मिळतात. पण संपर्क शाळा लागते, आधीच्या शाळेचा दाखला विचारतात, आणि फॉर्म परीक्षेच्या बराच आधी, आदल्या वर्षीच भरावा लागतो. मुदत चुकली की वर्ष गेलं.

तिसरा, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ. यात पाचवी आणि आठवीच्या पातळीवरही परीक्षा देता येते, आणि मधल्या वर्षांत हातात काहीतरी कागद हवा असं वाटणाऱ्या घरांना ते बरं पडतं.

चौथा, केंब्रिजच्या परीक्षा खाजगी विद्यार्थी म्हणून. शुल्क प्रत्येक विषयाला वेगळं आणि जड, केंद्रं मोठ्या शहरांत. आमच्या खिशाबाहेरचं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

डॉक्टर, इंजिनिअर होता येतं का?

एनआयओएसची बारावी इतर मंडळांच्या बारावीच्या बरोबरीची धरली जाते. नीटच्या बाबतीत मध्यंतरी मुक्त विद्यालयाच्या मुलांना अपात्र ठरवणारा नियम होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो 2018 मध्ये रद्द केला.

आणि हो, 'ती मुंबईची मुलगी' मलाही माहीत आहे. दहावी-बारावी न देता, प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडच्या पदकांवर 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली ती. दर वर्षी कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतं. कौतुकच आहे. पण त्याच बातमीत हेही होतं की बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. आपल्या मुलाचा कागद तयार ठेवा आणि पदकाची वाट बघू नका.

शाळेतून काढून दोन महिने झाले. नुसता लोळतो. काय करू?

काही नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांच्या गटांमध्ये सांगतात की शाळेत जितकी वर्षं गेली तितके महिने तरी निवांत सोडा. आमच्या मुलाची जेमतेम दोन वर्षं गेली होती आणि त्याला पाच महिने लागले. मला वर्ष लागलं. सकाळी अकराला तो छताकडे बघत पडलेला असायचा आणि शेजारच्या फाटकाशी रिक्षात कोंबलेली मुलं शाळेला जायची. ते दृश्य बघून माझ्या पोटात जे व्हायचं ते मी इथे लिहीत नाही.

या दिवसांत एकच करा: मूल न सांगता कशाकडे वळतं ते बघा. पण लगेच त्याची कार्डं बनवू नका.

मोबाइल?

आमच्याकडे ठरावीक वेळ आहे आणि ती रोज मोडली जाते. 'मुलाची आवड मोबाइलच आहे' असं म्हणणारे पालक भेटतात. असेलही, पण आवड आणि कंटाळ्यावरचं औषध यात फरक असतो. त्याला बाहेर नेऊन तीन दिवस बघा. तो परत त्याच गेमबद्दल बोलत असेल, चित्रं काढत असेल, स्वतःचा गेम बनवायचं म्हणत असेल तर ती आवड. नुसता चिडचिड करत असेल तर तुम्हीच वेळ द्यायला कमी पडताय. मीही पडते. मार्चअखेरीला तर रोज.

समाजात कसं मिसळेल? मित्र कुठून येणार?

गल्लीतून. संध्याकाळी पाचनंतर सगळी मुलं एकसारखीच असतात.

अडचण सकाळची. साताऱ्यात घरी शिकणारी दुसरी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुण्यात, मुंबईत बरेच गट आहेत, महिन्यातून एकदा एखाद्या टेकडीवर जमतात. आम्ही वर्षातून दोनदा जातो, अर्थात एसटीने. आमच्या मुलाचे जवळचे मित्र म्हणजे एक सत्तावन वर्षांचे वाहतूक नियंत्रक, गॅरेजमधला एकोणीस वर्षांचा पोरगा आणि शेजारची सहावीतली जुळी. काही जणांना हे विचित्र वाटतं. पण त्याला स्वतःच्या वयाच्या दहा जणांच्या टोळक्यात काय बोलावं हे अजून नीट कळत नाही, हेही खरं आहे आणि ते मी लपवत नाही.

सासूबाई, नातेवाईक, शेजारी यांना काय सांगायचं?

आमच्या सासूबाईंना हे आजही मान्य नाही. पावकी शिकवतात, स्टँडवर जातात, नातवाला लाडू देतात आणि दर दिवाळीला विचारतात, "मग जूनमध्ये घालणार ना शाळेत?" मी वाद घालणं सोडलंय.

शेजारच्या काकांचा टोला जास्त लागला होता. "कर्मवीर अण्णांच्या साताऱ्यात राहून पोराला शाळेतनं काढता?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पूर्ण उत्तर नाही. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढून अण्णांनी ज्यांच्या दारापर्यंत शाळा नेली त्यांना ती कधी मिळालीच नव्हती. सावित्रीबाई याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. मुलींनी शाळेत यावं म्हणून त्यांनी अंगावर शेण झेललं. आम्ही शाळा नाकारू शकतो कारण आमच्या तीन पिढ्या शाळेत गेल्या, घरात पुस्तकं आहेत, मुलाला घरी ठेवलं तर दुपारचं जेवण चुकत नाही. 'शाळा म्हणजे तुरुंग' असं मोठ्या आवाजात बोलणाऱ्या पालकांमध्ये मला म्हणूनच अवघडायला होतं. आणि मुलीला शाळेतून काढून भावाला ठेवणाऱ्या घराने या पानाचा आधार घेऊ नये.

नोकरी सोडावी लागते का? खर्च किती?

कोणीतरी घरी लागतं, आणि ते कोणीतरी बहुतेक घरांत आईच असते. मी पूर्णवेळ नोकरी सोडली. नवऱ्याची बँकेतली नोकरी चालू. शाळेची फी वाचते, माझा निम्मा पगार जातो, हिशेब मांडला तर तोटाच आहे. पुस्तकांपेक्षा प्रवासावर जास्त खर्च होतो. एकट्या पालकाला, किंवा दोघांनाही शिफ्टची नोकरी असलेल्यांना हे जमणं फार अवघड. जमवणारे आहेत, पण त्यांच्यामागे आजी-आजोबा किंवा शेजार भक्कम आहे.

चार घरं मिळून मुलांना एकत्र शिकवलं तर?

आठवड्यातून दोनदा भेटा, खुशाल. पण रोजचे वर्ग, फी आणि पाटी सुरू झाली की ती मान्यता नसलेली शाळा ठरू शकते, आणि त्यासाठी शिक्षण हक्क कायद्यात 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मराठीतून साहित्य मिळतं का?

भरपूर, आणि बरंचसं फुकट. बालभारतीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावर आहेत. 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक वाचता येतात. आमच्या मुलीने एक अख्खा पावसाळा त्यात काढला. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची शेकडो खेळणी आणि मराठी पुस्तकं आहेत. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या आणून ठेवा, पुढचे आठ दिवस मुलं तुम्हाला हाक मारणार नाहीत. पालकांसाठी पुण्याचं 'पालकनीती' मासिक. ते शाळेविरुद्ध नाही, आणि मला म्हणूनच आवडतं.

आम्ही परदेशात असतो. तिथे?

देशागणिक वेगळं. जर्मनीत घरी शिकवायला जवळजवळ बंदीच आहे, दंड होतो. स्वीडनमध्येही फार कडक. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्यात शिक्षण 'शाळेत किंवा अन्यथा' देण्याची मुभा आहे. अमेरिकेत सगळ्या 50 राज्यांत चालतं, पण न्यू जर्सीत साधं कळवावंही लागत नाही आणि शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. नदीपलीकडे घर बदललं तर नियम बदलतात. भारतात परतायचं असेल तर एनआयओएस आहेच.

मुलालाच शाळेत जावंसं वाटलं तर?

तर घाला. आमची धाकटी गेल्या वर्षी पाचवीत गेली. तिला खो-खो खेळायचा होता, आणि शालेय स्पर्धांत उतरायचं तर शाळेत नाव पाहिजे. आवडीच्या मागे जायचं म्हणता ना, मग माझी आवड शाळेत आहे, असं ती म्हणाली. यावर बोलायला काही उरलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे 14 वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं. मागचा दाखला किंवा परीक्षा नाही म्हणून अडवता येत नाही. मुख्याध्यापकांनी आधी मान हलवली, मग कलम वाचलं, मग घेतलं. पहिल्या घटक चाचणीत तिला कमी गुण पडले, कारण प्रश्नाखाली रेघ मारून उत्तर लिहायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. खो-खोच्या संघात मात्र आहे.

मोठा आता काय करतोय?

14 पूर्ण झाली. दहावीचा फॉर्म तो स्वतःहून भरायला तयार झाला, त्याचं कारण माझं समजावणं नव्हे. कंडक्टर व्हायला दहावी पास लागते आणि वर आरटीओचा बिल्ला, हे त्याच्या नियंत्रककाकांनी त्याला सांगितलं. विषय मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र. पहिल्या खेपेला मराठी आणि सामाजिक शास्त्र देणार आहे. परीक्षाकेंद्र बहुधा दुसऱ्या गावात येईल असं मी त्याला सांगितलं, तर त्याने तिथे सकाळी पोचणाऱ्या तीन गाड्या सांगितल्या, वेळेसकट.